सोन्या-चांदीच्या शिरा आणि आपलं कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत गावी आलो की आरती संपायच्या आत कोणीतरी खिशातून कागदात गुंडाळलेला दगड काढतो. एरवी हेच फोनवर चालतं: अंधुक फोटो आणि खाली एकच शब्द, "सोनं?" ज्वालामुखी प्रदेशातल्या सोन्या-चांदीच्या शिरा शोधण्याचं अगदी सुरुवातीच्या टप्प्यातलं काम मी काही वर्षं केलं, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केलेत. एका उत्तरात जे आलं ते दुसऱ्यात उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ज्वालामुखीतलं सोनं म्हणजे लाव्हारसाबरोबर बाहेर येतं का?

नाही. सोनं आणतं ते गरम पाणी. ज्वालामुखीच्या पोटात, काही किलोमीटर खाली, शिलारस थंड होत असतो. त्याची धग आणि त्यातून सुटणारे वायू भोवतालच्या खडकातल्या पाण्याला मिळतात, आणि ते पाणी भेगांमधून वर चढतं. वाटेत भेगांच्या भिंतींवर गार (क्वार्ट्‌झ), कॅल्साइट आणि नशीब असेल तर सोनं-चांदी बसत जातं. भरून निघालेली अशी भेग म्हणजे शीर. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटरच्या आत, १५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानात तयार होणाऱ्या या शिरांना 'एपिथर्मल' म्हणतात. हा शब्द वाल्डेमार लिंडग्रेन यांनी रूढ केला. अमेरिकेतलं कॉमस्टॉक, न्यूझीलंडचं वाईही, मेक्सिकोचं ग्वानाहुआतो, जपानचं हिशिकारी ही सगळी याच कुळातली.

२. पाण्यात सोनं विरघळतं? मग ते एकाच जागी का साठतं?

साध्या पाण्यात नाही विरघळत. पण पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेल, म्हणजे तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तर सोनं गंधकाशी जोडी जमवून पाण्याबरोबर प्रवास करतं.

साठण्याचं कारण स्वयंपाकघरात रोज दिसतं. कुकरमध्ये दाब असतो तोवर पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही खळाखळा उकळत नाही. शिट्टी उचलली की दाब पडतो आणि एकदम वाफ सुटते. जमिनीखाली भूकंपाने भेग उघडली की तेच होतं. दाब उतरतो, पाणी उकळतं, वायू वाफेबरोबर निघून जातो. गंधकाची सोबत सुटली की सोन्याला पाण्यात राहता येत नाही, ते तिथेच भिंतीवर बसतं. भेग पुन्हा गारेने बुजते, पुन्हा फुटते, पुन्हा उकळी. शेकडो वेळा हे झालं की शिरेत कांद्याच्या पाकळ्यांसारखे पट्टे दिसतात. न्यूझीलंडमधल्या ब्रॉडलंड्‌स भूऔष्णिक क्षेत्रातल्या विहिरींवर, जिथे दाब एकदम उतरतो त्या धातूच्या पट्ट्यांवर, १९८०च्या दशकात सोन्या-चांदीचा थर जमलेला आढळला. पुस्तकातली गोष्ट माणसाच्या डोळ्यांदेखत घडली.

३. आपलं कोकण तर सगळं ज्वालामुखीच्याच दगडाचं. मग इथे अशा शिरा का नाहीत?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

सह्याद्री आणि उत्तर-मध्य कोकणाचा काळा दगड म्हणजे डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण ज्वालामुखी-ज्वालामुखीत फरक असतो. आपला लाव्हा लांबच लांब भेगांतून ओतला गेला, घावनाच्या पिठासारखा पसरला, थर थंड झाला, त्यावर दुसरा. एपिथर्मल शिरांना वेगळंच काही लागतं: एकाच जागी हजारो वर्षं उथळावर धगधगत राहिलेला, पाणी आणि वायूंनी भरलेला शिलारस, आणि त्याच्या डोक्यावर सतत फिरणारं पाणी. जगातल्या बहुतेक अशा खाणी प्रशांत महासागराच्या कडेने आहेत, जिथे समुद्रतळ खंडाखाली शिरतो आणि जाताना पाणी आत घेऊन जातो. आपला शिलारस त्या मानाने कोरडा.

दुसरी अडचण झिजेची. या शिरा उथळ असतात, म्हणून ऊनपावसात त्या आधी जातात. जगात सापडणाऱ्या बहुसंख्य एपिथर्मल खाणी भूशास्त्रीय हिशेबाने पोरवयाच्या आहेत. हिशिकारीच्या शिरा जेमतेम दहा लाख वर्षांच्या आसपास. कोकणपट्टी कोट्यवधी पावसाळे खाऊन बसलीय. वरचं काही असतं तरी ते केव्हाच अरबी समुद्रात गेलं असतं.

आणि "खाली असेल की" असं म्हणणाऱ्यांसाठी: कोयना परिसरात गोठणे इथे भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलंय. वरचा साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्टचे थर, त्याखाली थेट त्याहून कितीतरी जुने खडक (ग्रॅनाइट-नाइस).

४. पण मुंबईजवळ रायोलाइट आहे असं वाचलं. तो तर सोन्याचा खडक ना?

वाचलंत ते बरोबर आहे. मढ, मनोरी, गोराई भागात रायोलाइट आणि ट्रॅकाइट (बेसाल्टपेक्षा फिकट रंगाचे ज्वालामुखी खडक) आहेत, आणि मुंबई परिसरात डेक्कनच्या उत्तरार्धात स्फोटक ज्वालामुखीही झाले. कोणी मला "कोकणात एकच दिवस फिरून बघ" म्हटलं तर मी तिकडेच जाईन. पण रायोलाइट म्हणजे पातेलं. आत आमटी शिजली होती का, हे गरम पाण्याच्या खुणांवरून कळतं: पांढरी पडलेली माती, गारेने घट्ट झालेले पट्टे, शिरांचं जाळं (प्र. ११). नुसत्या खडकाच्या नावावर सोनं ठरत नाही.

५. तुरळ, राजवाडी, उन्हवरे, सव, गणेशपुरी इथे गरम पाण्याचे झरे आहेत. गंधकाचा वासही येतो. म्हणजे खाली काहीतरी आहेच?

खाली उष्णता आहे, शिलारस नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, पृथ्वीच्या नेहमीच्या धगीने तापतं आणि भेगेच्याच वाटेने वर येतं. काही झरे ६० अंशांच्याही पुढे आहेत, हात भाजण्याइतके. पण २५० अंशांवर उकळत आलेलं पाणी पृष्ठभागावर गारेचा पांढरा थर साठवत जातं. न्यूझीलंडमधल्या वायोटापूच्या शॅम्पेन पूलभोवती तसा थर आहे आणि त्यातल्या केशरी गाळात खरंच सोनं आहे. आपल्या कुंडांच्या काठी तसा थर नाही.

गंमत म्हणजे उलटं उदाहरण हिशिकारीत आहे. तिथल्या खाणीत शिरांमधून ६५ अंशांचं पाणी येतं, ते उपसल्याशिवाय काम होत नाही, आणि ते पाणी जवळच्या गावाच्या स्नानगृहांना देतात. म्हणजे झरा असला की सोनं असतं असं नाही, पण सोन्याच्या शिरेला झरा लागू शकतो.

६. "आमच्या परड्यात चकचकीत दगड गावलो, सोन्याचो असात काय?"

बहुतेक वेळा तो पायराइट (लोह आणि गंधकाचं पिवळं खनिज) किंवा सुवर्णमाक्षिक असतो, किंवा मग अभ्रक. घरच्या घरी पारख होते. खिळ्याच्या टोकाने दाबा: सोनं मऊ, खड्डा पडतो, पायराइट चुरतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. चिनीमातीच्या फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा: सोन्याची रेघ सोनेरीच, पायराइटची हिरवट काळी. आणि उन्हात फिरवून बघा. पायराइट कोनागणिक लकाकतो, विझतो. सोनं सावलीतही पिवळंच. पायराइटला कडा-कोपरे असतात, कधी नीट चौकोनी ठोकळे. आजवर आलेल्या फोटोंपैकी सोनं निघालं असं एकही नाही. एक मात्र निघालं होतं, पितळेच्या समईचा तुकडा.

७. विहीर खणताना पांढरे, पाचूसारखे हिरवे स्फटिक निघाले. ही शीर आहे का?

हे झिओलाइट, अपोफिलाइट, गार किंवा कॅल्सिडोनी. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहतात; नंतर कोमट पाण्याने ते स्फटिकांनी भरतात. संग्राहकांत त्यांना किंमत आहे, सोन्याशी संबंध नाही. ओळखायचा फरक असा: बुडबुडा गोल असतो, भोवती बंद. शीर लांब जाते, दोन्ही बाजूंच्या खडकाला भाजल्यासारखा रंग देते, आणि आत पट्टे असतात. त्यातही पातळ पात्यांसारखी जाळी दिसली (कॅल्साइटची पाती, जी नंतर गारेने बदलली) तर मी उठून बसेन, कारण ती पाण्याच्या उकळीची सही आहे (प्र. २).

८. चांदी नेहमी सोन्याच्या जोडीला का असते? आणि ती पांढरी का दिसत नाही?

दोघी एकाच पाण्यातून येतात आणि एकमेकींत मिसळतात. निसर्गातलं बहुतेक सोनं थोडी चांदी घेऊनच असतं. पण शिरेतली बरीच चांदी गंधकाशी बांधलेली, म्हणून काळी. जपानी खाणकामगार पांढऱ्या गारेतल्या त्या काळ्या पट्ट्यांना 'गिंगुरो' म्हणतात, म्हणजे चांदीकाळं. नवखा माणूस तोच पट्टा घाण समजून टाकून देतो. भारतातली चांदी मात्र या शिरांतून येत नाही, ती प्रामुख्याने राजस्थानातल्या शिसं-जस्ताच्या खाणींतून निघते.

९. सिंधुदुर्गाचं नाव सोन्याच्या बातम्यांत येतं. मग तुम्ही कोकणात नाही कसं म्हणता?

मी 'ज्वालामुखी शिरा नाहीत' म्हणतो. सिंधुदुर्गाचा बराच भाग वेगळं घर आहे. कणकवलीचं क्रोमाइट, रेडीचं लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू हे सगळं बेसाल्टाखालच्या किंवा बेसाल्टाबाहेरच्या फार जुन्या खडकांचं देणं आहे. गोवा आणि कर्नाटकातल्या शिस्ट पट्ट्यांचे ते नातेवाईक. तिथे सोनं निघालंच तर ते कर्नाटकातल्या कोलार किंवा हट्टीच्या खाणींच्या जातीचं असेल: डोंगर घडताना, खूप खोलवर, दाबाखाली शिरांत बसलेलं. शोधण्याची पद्धत बरीचशी सारखी, पण खुणा वेगळ्या, त्यामुळे प्र. ७ मधली जाळी तिथे शोधू नका. आणि बातमीतला 'ब्लॉक' म्हणजे खाण नव्हे. नकाशावर आखलेला चौकोन.

१०. जांभ्यात सोनं असतं का? आणि कातळशिल्पं म्हणजे खजिन्याच्या खुणा का?

जांभा हा खालच्या खडकाचा कुजून उरलेला गाळसाळ. खाली बेसाल्ट असेल तर वर लोह आणि बॉक्साइट उरतं. दापोली-मंडणगडकडे बॉक्साइट आहेच. खाली सोन्याचा खडक असेल तर जांभ्यातही सोनं साठू शकतं, ऑस्ट्रेलियातल्या बॉडिंग्टनला तसं झालं. रत्नागिरीच्या सड्याखाली बेसाल्ट आहे, त्यामुळे चिरेखाणीत चिरेच निघणार.

कातळशिल्पांबद्दल हात जोडून सांगतो: खणू नका. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली ही शिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. देवाच्या गोठण्याला शिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून 'खाली धातू' अशी आवई उठते. सुई फिरवतात ती चुंबकीय लोहखनिजं. सोन्याला चुंबकत्व नाही. सुई फिरली हा सोन्याच्या बाजूचा पुरावाच नव्हे.

११. पहिल्या टप्प्यात तुम्ही लोक करता तरी काय?

मुख्यतः चालतो. त्याच्या आधी बसून वाचतो: जुने नकाशे, जुन्या खाणींच्या नोंदी, उपग्रहचित्रं. भारतात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर बरंच काही फुकट मिळतं, आणि लोक ते न बघता ड्रोन उडवायला निघतात.

मग ओढे. ओढा अख्ख्या खोऱ्याची माती एका जागी आणून देतो, त्यामुळे गाळाच्या एका पिशवीत चार-पाच चौरस किलोमीटर डोंगर मावतो. ज्या ओढ्यात आकडा चढला त्याच्या वरच्या अंगाला जायचं, सुटे दगड बघत. शिरेचा तुकडा ओढ्यात जितका कंगोरेदार, तितकी शीर जवळ. गुळगुळीत झाला म्हणजे लांबून आलाय. डोंगरावर शीर सापडली की तिच्यावर आडवा चर खणतो आणि छिन्नीने सलग नमुना घेतो. सलग महत्त्वाचं. चमकणारा तुकडा तेवढा उचलायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला, आणि माझ्या पहिल्या वरिष्ठांनी तो तुकडा माझ्यासमोर ओढ्यात फेकून दिला.

त्याच वेळी शिरेभोवतीचा खडक तपासायचा. गरम पाण्याने तो बदललेला असतो आणि तो बदल कांद्यासारखा थरांत असतो: शिरेला चिकटून गार आणि अड्युलारिया (फेल्डस्पार जातीचं खनिज), मग पांढुरक्या मातीची खनिजं, बाहेर हिरवट क्लोराइट. हिरव्यात असाल तर अजून बाहेर आहात. खडकातलं मॅग्नेटाइट पाण्याने खाल्लेलं असतं म्हणून चुंबकीय नकाशात तिथे खळगा दिसतो; गारेतून वीज नीट वाहत नाही म्हणून विद्युत सर्वेक्षणात शीर उठून दिसते. यातल्या कशानेही सोनं दिसत नाही. घर दिसतं, माणूस आत आहे का, ते छिद्र घेतल्यावर.

छिद्र शेवटी, कारण पैसा तिथे जातो. आधीचं सगळं एवढ्यासाठी की बहुतेक जागा छिद्राविनाच बाद व्हाव्यात.

१२. नदीची वाळू परातीत धुतली तर?

करून बघा, छान छंद आहे. वाळू पाण्याखाली गरागरा फिरवायची, हलकं वाहू द्यायचं, जड तळाशी राहतं. सोनाराच्या पेढीचा केर-राख धुऊन कण काढणारे झारेकरी हेच करत आले. कोकणात तळाशी काळी वाळू उरेल. ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती भरपूर आहे. पिवळं काही दिसलं तर प्र. ६.

एक मेख: एपिथर्मल शिरांतलं सोनं बहुधा पिठासारखं बारीक असतं, परातीत टिकतच नाही. म्हणून परात कोरी निघाली तरी आम्ही बारीक गाळाचा मोठा नमुना रसायनात भिजवून मोजून घेतो.

१३. अहवालात सोनं शून्य, पण आर्सेनिक आणि अँटिमनी खूप. मग वाईट की चांगलं?

ज्वालामुखी भागात असाल तर कान टवकारण्यासारखं. आर्सेनिक, अँटिमनी, पारा ही शिरेच्या डोक्यावर, सोन्याच्या पातळीच्या वर जमतात. म्हणजे तुम्ही कदाचित घराच्या कौलांवर उभे आहात आणि सोनं शंभर-दोनशे मीटर खाली आहे. उलट तांबं, शिसं, जस्त चढे आणि सोनं गायब असेल तर छप्पर उडून गेलंय, तुम्ही तळमजल्यावर आहात. तोच 'शून्य', अर्थ उलटे.

१४. 'टनाला ५ ग्रॅम' म्हणजे फारच कमी नाही का?

दहा टनांचा ट्रक भरा, त्यात ५० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने चार तोळ्यांहून थोडं जास्त. साध्या खडकात टनामागे काही मिलिग्रॅमच असतं, तेव्हा निसर्गाने ते हजार पटींच्या घरात गोळा केलंय. उघड्या खाणीत एक-दोन ग्रॅमही परवडतं. अरुंद शिरेमागे जमिनीखाली जायचं तर जास्त लागतं. हिशिकारी बराच काळ तीस-चाळीस ग्रॅमच्या घरातली होती, ती अपवादच.

१५. कंपनीने '२० मीटर, ५ ग्रॅम' असं जाहीर केलंय. चांगलं आहे का?

म्हणजे छिद्राच्या २० मीटर लांबीत सरासरी टनाला ५ ग्रॅम. पुढची ओळ वाचा. तिथे 'त्यातले १ मीटर, ९५ ग्रॅम' असेल तर गुणाकार करा. २० गुणिले ५, एकूण १००. त्यातले ९५ एका मीटरने दिले. उरलेल्या १९ मीटरांना ५, म्हणजे मीटरमागे पाव ग्रॅमच्या आसपास. खरी बातमी एक मीटरची आहे, वीस मीटर ही सजावट. शिवाय छिद्र शिरेला तिरपं गेलं असेल तर लांबी फुगते. 'खरी जाडी' लिहिली नसेल तर विचारा.

अरुंद म्हणजे वाईट असंही नाही. हिशिकारीला १९८१मध्ये पहिल्या छिद्राला लागलेली शीर फक्त १५ सेंटीमीटरची होती, पण टनाला २९० ग्रॅमची.

१६. एकाच दगडाचे दोन तुकडे दिले. एकात ४० ग्रॅम, दुसऱ्यात काहीच नाही. प्रयोगशाळा फसवते का?

बहुधा नाही. साखरभातातल्या काजूंसारखं आहे. एका घासात दोन येतात, पुढच्या तीन घासांत एकही नाही. उपाय म्हणजे नमुना मोठा घ्यायचा, सगळा बारीक दळायचा, मगच त्यातला ३० किंवा ५० ग्रॅम 'फायर अ‍ॅसे'ला द्यायचा. ही पद्धत आपल्या सोनारांच्या मुशीचीच थोरली बहीण: शिशाबरोबर वितळवायचं, शिसं सच्छिद्र कपात मुरवून घालवायचं, उरलेला मणी तोलायचा. प्रामाणिक कंपनी नमुन्यांत मुद्दाम कोरा दगड आणि माहीत असलेल्या प्रमाणाचा दगड लपवून पाठवते. कोऱ्या दगडात सोनं आलं की सगळी खेप परत.

१७. माझ्या जागेत सापडलं तर माझं का?

जागा तुमची, खनिजावर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे महसूल संहितेनुसार शासनाचा हक्क. परवान्याशिवाय शोधकामही करता येत नाही, १९५७चा खाण आणि खनिज कायदा तेच सांगतो. २०२३च्या दुरुस्तीने सोन्या-चांदीसकट २९ खनिजांसाठी वेगळा शोध-परवाना आणला. तोही लिलावाने मिळतो. जमीनमालकाला भरपाईचा हक्क असतो. वाटेत पडलेला दगड खिशात घालणं म्हणजे शोधकाम नव्हे, घाबरू नका.

अपवाद: खणताना नाणी किंवा दागिने निघाले तर तो खजिना, खनिज नव्हे. १८७८चा कायदा लागू होतो आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! आकडा अजून तोच आहे.

१८. एकजण यंत्र घेऊन आला होता, 'तीस फुटांवर सोनं' म्हणाला. फी मागतोय.

देऊ नका. धातुशोधक यंत्राला उथळावरचा गठ्ठा कळतो, खडकात विखुरलेलं डोळ्यांना न दिसणारं सोनं नाही. हातातल्या वाकड्या तारा, नारळ आणि लंबक यांबद्दल प्र. ११ वाचून तुम्हीच ठरवा. आमच्याच वाडीत एकाने या नादात विहिरीइतका खड्डा केला. पावसाळ्यात त्यात पाणी साठलं, आता म्हशी बसतात.

१९. दगड तुम्हाला पाठवायचा असेल तर?

दगड नको, फोटो पाठवा: एक कोरडा, एक ओला करून, शेजारी नाणं ठेवून, आणि एक ताज्या फोडलेल्या बाजूचा. जागा लिहा, आणि तो कातळात होता की पऱ्यात सुटा पडलेला, तेही. कुरिअर करू नका. गेल्या चतुर्थीपासून आमच्या पडवीत दोन गोणी पायराइट आहे, आणि आई रोज विचारते की यातलं अंगणाच्या गडग्याला कुठलं लावू.